ओपन स्पेस, टँकर आणि गणपतीची वर्गणी

संभाजीनगरात घर बघायला गेलेला माणूस स्वयंपाकघराचा ओटा नंतर बघतो, आधी विचारतो, "पाणी किती दिवसांनी येतं?" शेजारीही उत्तर देताना लगे हात बाकीची माहिती पुरवतो. व्हॉल्व्ह सोडणारा साधारण कधी येतो, टँकर कोणाचा बरा, संप केवढा आहे, बोअर मे महिन्यात टिकतो का. क्लबहाऊस आणि जिम ही जाहिरातीतली गोष्ट झाली. या शहरात चार घरांना एकत्र बांधणारी पहिली गोष्ट जमिनीखालचा पाण्याचा हौद हीच आहे.

कॉलनीत सगळ्यांनी मिळून काहीतरी करायचा हुरूप आला, की मात्र आपण सुरुवात दुसऱ्याच टोकाने करतो. आधी मंडळ निघतं, मग टी-शर्ट छापले जातात, मग पावतीपुस्तक घेऊन पोरं दारात उभी राहतात. पहिलं वर्ष झकास जातं. दुसऱ्या वर्षी हिशेबावरून कुजबुज होते आणि तिसऱ्या वर्षी एकाच गल्लीत दोन गणपती बसतात. जवळून पाहिलं तर अशी बरीचशी भांडणं उत्सवाची नसतातच. मांडवाला वीज कोणाच्या मीटरवरून घेतली, महाप्रसादाला टँकर कोणाच्या खर्चाने आला, चार दिवस गाड्या कुठे लावायच्या, ज्या जागेवर मांडव पडला ती जागा कोणाची, ही ती भांडणं. ती वर्षभर दबून असतात आणि मांडवात तोंड फोडतात. म्हणून क्रम बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रोजच्या सामायिक गोष्टींचा हिशेब आधी लावा, पावतीपुस्तक नंतर छापा.

आधी कागद काढा

आपल्या शहरात शेजाराचे निदान चार प्रकार आहेत. सिडकोने १९७० च्या दशकापासून वसवलेले एन-१ वगैरे सेक्टर. तिथे रस्ते, बागा, मोकळ्या जागा आखूनच घरं झाली आणि २००६ मध्ये हा भाग महापालिकेकडे आला. ज्योतीनगर, उल्कानगरी, गारखेडा यांसारख्या भागांतले खासगी ले-आउट आणि त्यांवरचे बंगले. बीड बायपास, सातारा-देवळाई, हर्सूल, चिकलठाणा या दिशांना उभी राहिलेली अपार्टमेंटं. आणि गुंठेवारी, जिथे शेत तुकड्यांनी विकलं गेलं आणि मोकळी जागा सोडायची ती कोणी सोडलीच नाही. चौघांचे कायदे वेगळे, म्हणून चौघांची उत्तरंही वेगळी.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर खरेदीखत काढून एकच गोष्ट पाहा: तुमची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट मालकांचं असोसिएशन? संस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. असोसिएशन असेल तर महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७०. हा फरक नुसता वकिलांच्या कामाचा नाही. संस्थेत सफाई, वॉचमन, जिन्यातले दिवे असा सेवाखर्च सगळ्या सदनिकांना सारखा पडतो, लिफ्टचाही सारखा. पाण्याचा खर्च मात्र आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर वाटायचा असतो. असोसिएशनमध्ये सामायिक खर्च ज्याच्या त्याच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने पडतो, म्हणजे तीन बेडरूमवाला वन-बीएचकेवाल्यापेक्षा जास्त देतो. एकाच रस्त्यावरच्या दोन इमारती टँकरचं बिल दोन तऱ्हांनी वाटून घेतात आणि दोघींचंही बरोबर असतं. हे माहीत नसलं की "समोरच्या बिल्डिंगमध्ये तर सगळ्यांना सारखं आहे" या वाक्यावर तासभर सभा चालते.

बिल्डरकडून नुकताच ताबा मिळाला असेल तर घाई करा. २०१६ च्या रेरा कायद्याखालच्या राज्याच्या नियमांनुसार निम्म्याहून अधिक सदनिकांचं बुकिंग झालं, की तीन महिन्यांत संस्था नोंदवण्यासाठी बिल्डरने अर्ज करायचा असतो. प्रत्यक्षात तो टाळतो, कारण संस्था झाली की हिशेब द्यावा लागतो. ताबा घेताना मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, बोअर आणि संपचा आराखडा, लिफ्टचा परवाना, अग्निशमनाचे कागद, मोटारींची बिलं आणि वॉरंटी कार्डं हे सगळं यादी करून सही घेऊनच ताब्यात घ्या. पार्किंगही विकत घेतलं म्हणून कोणी सांगत असेल, तर मोकळी किंवा स्टिल्टखालची जागा बिल्डरला सदनिकेसारखी वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या खटल्यात दिलेला आहे. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर सर्वसाधारण सभेत नियम करून चिठ्ठ्या टाका. शेजाऱ्याशी वैर धरण्यापेक्षा चिठ्ठी बरी.

बंगल्यांच्या कॉलनीत बहुतेक वेळा कागदावर काहीच नसतं. असतो तो व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. दिवाळीच्या शुभेच्छांना तो पुरेसा आहे, पैशाला नाही. कॉलनीच्या नावाने बँकेत खातं हवं असेल, महापालिकेशी करार करायचा असेल, तर रहिवासी संघाची रीतसर नोंदणी करा: संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली, धर्मादाय कार्यालयात. नोंदणी नको वाटत असेल तर निदान एवढं पाळा, की कॉलनीचा पैसा एका माणसाच्या खात्यात आणि एकाच्याच फोनवरच्या क्यूआर कोडवर जमा होऊ नये. तो माणूस कितीही सज्जन असला तरी. सज्जन असेल तर अधिकच. उद्या त्याच्यावर बालंट येऊ नये म्हणून.

ओपन स्पेस कोणाची

"आमच्या कॉलनीत ओपन स्पेस आहे," असं आपण अभिमानाने सांगतो. ती 'आमची' आहे का, हे मात्र कोणी तपासलेलं नसतं. ले-आउट मोठा असेल तर त्यात साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ही अट चार हजार चौरस मीटरपासून पुढच्या भूखंडांना आहे. ती जागा खेळायला, फिरायला, झाडांना. तिचा कागद महापालिकेच्या नगररचना विभागात असतो. मंजूर ले-आउटची प्रत मागा. टोलवाटोलवी झाली तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. प्रत हाती आली, की चार-सहा जणांनी टेप घेऊन जागा मोजायची. कुठे कंपाउंड दोन फूट पुढे आलेलं असतं, कुठे कोणाचा जनरेटर, कुठे कोणाची कायमची पार्किंग शेड. हे आज निघालं तर चहावर मिटतं. दहा वर्षांनी निघालं तर कोर्टात जातं.

या जागेवर काय करायचं, यावर एक नाजूक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगायला हवी. ओपन स्पेसचा कोपरा मोकळा दिसला, की तिथे आधी एक चौथरा होतो, मग मूर्ती येते, मग पत्रे, मग निधीतून सभामंडप. श्रद्धेबद्दल कोणाची तक्रार नाही. पण सार्वजनिक रस्ते, बागा आणि मोकळ्या जागांवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा अशा कोणत्याही नावाने नवं अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे. पुढे कधी ते पाडायची वेळ आली, तर पाडणारे अधिकारी बदलून जातात आणि कॉलनीतली माणसं एकमेकांची तोंडं बघत राहतात. म्हणून ओपन स्पेसवर जे करायचं ते उचलून ठेवता येईल असं करा. मांडव, घडीचं व्यासपीठ, बाकडी, झोके. पक्क्या बांधकामाचा विषय निघाला तर आधी महापालिकेची लेखी परवानगी, मग वीट.

कॉलनीच्या गेटबद्दलही थोडं. ले-आउटमधले रस्ते महापालिकेकडे गेलेले असले तर ते सार्वजनिक. सुरक्षेसाठी गेट आणि कुलूप लावायची हौस समजण्यासारखी आहे, पण परवानगीशिवाय तो रस्ता बंद करता येत नाही. रात्री अग्निशमनाची गाडी किंवा रुग्णवाहिका त्याच कुलपापाशी अडते.

बागेची देखभाल कॉलनीने करायची असेल तर महापालिकेशी लेखी समझोता करा आणि त्यात पाणी कोण देणार, विजेचं बिल कोण भरणार, झाड पडलं तर कोण उचलणार, हे लिहून घ्या. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९७ च्या सुमारास महापालिकेबरोबर गल्लीची जबाबदारी वाटून घेतली आणि त्यातून 'एएलएम' नावाची पद्धत मुंबईभर गेली. तिची सुरुवात कचऱ्यापासून झाली होती, उत्सवापासून नाही.

पाण्याचा हिशेब

आता मुख्य विषय. हे शहर मुळात वाटून घेतलेल्या पाण्यावरच उभं राहिलं. सतराव्या शतकात मलिक अंबरने हर्सूलकडच्या भागातून जमिनीखालून नहर आणली आणि तिचं पाणी वस्तीतल्या हौदांत खेळवलं. पाणचक्कीत डोंगराकडून आलेल्या पाण्यावर जातं फिरत होतं आणि दर्ग्यावर येणाऱ्यांसाठी त्यावर पीठ दळलं जात होतं. आज शहराची तहान पैठणच्या नाथसागरावर अवलंबून आहे. दोन पाण्यांमधला 'गॅप' सांभाळत संसार करणं ही इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. म्हणून कॉलनीच्या कोणत्याही समितीने पहिली वही घालायची ती पाण्याची.

त्या वहीत काय असावं? नळाला पाणी आलं ती तारीख, किती वेळ आलं, संप किती भरला. टँकर मागवला ती तारीख, किती लिटरचा, कोणी सांगितला, कोणासमोर रिकामा झाला, किती पैसे. बोअरची मोटार किती तास चालली. तीन महिन्यांची अशी वही समोर ठेवली, की सभेतला आवाज आपोआप खाली येतो. "पाणी जातं कुठे?" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा वरच्या टाकीच्या बिघडलेल्या बॉलकॉकमध्ये, कोणाच्या तरी गळक्या फ्लशमध्ये किंवा रोज पाइपने धुतल्या जाणाऱ्या गाडीत सापडतं. प्रत्येक घराला वेगळं मीटर बसवता आलं तर उत्तम. जुन्या इमारतीत प्रत्येक सदनिकेला एकच लाइन नसते, त्यामुळे ते खर्चिक पडतं. मग मजल्यानुसार तरी मोजमाप करा.

नळाच्या लाइनला थेट मोटार लावून पाणी ओढणं हा बंगल्यांच्या कॉलनीतला जुना आजार. पहिल्या घराने टिल्लू पंप लावला, की शेवटच्या घरात नुसती हवा येते आणि मग शेवटचं घर त्याहून मोठा पंप आणतं. महापालिका कारवाई करते तेव्हा करते. पण कॉलनीने आपसांत ठरवून, पाण्याच्या दिवशी दोघातिघांनी गल्लीत फेरी मारून हे थांबवता येतं. शेवटच्या घरातलं माणूस समितीत घ्या. पाण्याच्या समितीत पहिल्या घरातल्यांचं बहुमत नको.

पावसाचं पाणी हा फुकटचा भाग, आणि इथेच सगळ्यांत जास्त आळस. शहराच्या परिसरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे त्र्याण्णव चौरस मीटर. त्यावर वर्षभरात साधारण पासष्ट हजार लिटर पाणी पडतं. गळती, बाष्पीभवन, पहिल्या पावसाची घाण वजा करून ऐंशी टक्के धरलं तरी बावन्न हजार लिटर. म्हणजे पाच हजार लिटरचे दहा टँकर तुमच्या एका गच्चीवरून वाहून नाल्यात जातात. ते गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडायचा खर्च कॉलनीच्या एका बऱ्या डीजेच्या आसपास येत असेल, तर तो खर्च पहिल्यांदा कुठे करायचा हे सभेत विचारून पाहा. मे महिन्यात गच्च्या झाडून घ्या, जाळ्या बसवा, पहिला पाऊस वाया जाऊ द्या आणि मग पाणी बोअरकडे वळवा.

आणि एक अगदी साधी गोष्ट. सभा, हळदीकुंकू, स्नेहमेळावा पाण्याच्या दिवशी ठेवू नका. त्या दिवशी घरातलं निदान एक माणूस मोटारीपाशी अडकलेलं असतं, आणि बहुतेक घरांत ते माणूस बाईच असते. "बायका सभेला येत नाहीत" अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी पाण्याचं वेळापत्रक बघावं.

कार्यक्रम किती, कोणते

वर्षाला बारा कार्यक्रम करणाऱ्या कॉलनीपेक्षा चार करणारी कॉलनी जास्त वर्षं टिकते. यादी करताना सगळ्या घरांना त्यात स्वतःचं काहीतरी दिसलं पाहिजे. गणेशोत्सव, कोजागरी, शिवजयंती, आंबेडकर जयंती, ईदच्या दिवशीचा शीरखुर्मा, नाताळ. तुमच्या कॉलनीत कोण राहतं त्यावर हे ठरेल. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. सकाळी ध्वजवंदन तर होतंच. त्याला जोडून कॉलनीतल्या ज्येष्ठांना निजामाच्या काळाबद्दल घरात ऐकलेलं बोलायला लावा, हा बिनखर्चाचा आणि आपल्याच भागातला कार्यक्रम आहे. थंडीत ज्वारी हुरड्यावर आली की एखाद्या शेतावर हुरडा पार्टी करा. पोरांना कणीस कसं भाजतात ते कळेल आणि मोठ्यांची एकमेकांशी बोलणी होतील. मांडवातल्या स्पीकरपाशी तेवढं बोलणं कधीच होत नाही.

भाडेकरूंना विसरू नका. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांत काम करणारी, घाटी रुग्णालयात किंवा खासगी दवाखान्यांत नर्सिंग करणारी, स्पर्धा परीक्षेसाठी खोली घेऊन राहणारी मुलं-मुली कॉलनीत असतात. त्यांच्याकडून वर्गणी घेतो, पण बैठकीला बोलावत नाही. मतदानाचा हक्क कायद्याने सभासदाचा असेल. कार्यक्रमाच्या नियोजनाला तशी अट कोणी घातलेली नाही. शिवाय रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी दहाला झोपलेला असतो. आरतीचा भोंगा त्याच्या खिडकीकडे नको, एवढी काळजी घेतली तरी एक घर तुमच्या बाजूला येतं.

आवाजाचे नियम घरात टांगून ठेवावेत असे आहेत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण ते दिवस प्रशासन जाहीर करतं, मंडळ नाही. दवाखाने, शाळा-महाविद्यालयं, न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं. "आमच्या कार्यक्रमाला पोलीस आले" म्हणून, ज्याने तक्रार केली असेल त्याच्या नावाने शिमगा करण्यापूर्वी हे आकडे आठवा.

वर्गणी आणि परवानग्या

नोंदणी नसलेल्या मंडळाला धार्मिक कारणासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. कटकट वाटते. खरं तर हेच कागद तुमचं रक्षण करतात. मांडव रस्त्यावर किंवा ओपन स्पेसवर असेल तर महापालिकेची परवानगी, ध्वनिक्षेपकाला पोलीस ठाण्याची, विजेला महावितरणची तात्पुरती जोडणी. आकडा टाकू नका आणि जिन्यातल्या मीटरवरूनही वायर ओढू नका. जिन्याचा मीटर सगळ्यांचा आहे आणि भर पावसात ओढलेली वायर कोणाचीच नसते. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून आणखी एक अट आली आहे: परवाना नसलेल्या जागी शंभरापेक्षा जास्त माणसं जमणार असतील तर महापालिकेला निदान तीन कामाचे दिवस आधी कळवायचं आणि कचऱ्याची सोय आयोजकांनी करायची.

पैशाच्या बाबतीत एकच रेघ पक्की आखा. देखभालीचा पैसा वेगळा, उत्सवाचा वेगळा. सहकारी संस्थेत तर देखभालीतून एखाद्या धर्माच्या कार्यक्रमाला पैसा वळवणं हा भांडणाचा हमखास मुहूर्त. सिंकिंग फंड हा दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का या दराने जमतो. तो गच्चीच्या गळतीला आणि लिफ्टच्या दोराला आहे, रोषणाईला नाही. वर्गणीची रक्कम ऐच्छिक ठेवा, "प्रत्येकी अमुक" असा फतवा नको. कोणी दिली नाही तर त्याच्या घरासमोर थांबून मोठ्याने ढोल वाजवणं हा प्रकार मी बऱ्याच कॉलन्यांत पाहिला आहे. त्याने वर्गणी मिळते, माणूस कायमचा जातो.

हिशेबाची पद्धत: प्रत्येक पावतीला क्रमांक, प्रत्येक खर्चाला बिल, दोन सह्यांशिवाय पैसे काढायचे नाहीत. विसर्जनानंतर आठ दिवसांत एक पानी हिशेब गेटवरच्या फळ्यावर. शिल्लक उरली तर तिचं काय करायचं हे उत्सवाच्या आधीच्या बैठकीत ठरलेलं असावं. माझं म्हणाल तर शिल्लक सरळ एखाद्या रोजच्या सुविधेला बांधून टाका. गेल्या गणपतीच्या शिल्लकीतून शोषखड्ड्याची जाळी बसली, असं एकदा घडलं, की पुढच्या वर्षी वर्गणी मागायला जिना चढताना दम लागत नाही.

भांडी, सतरंज्या आणि कचरा

२०१८ चा फेब्रुवारी-मार्च इथल्या माणसाला विसरता येणार नाही. नारेगावच्या गावकऱ्यांनी शहराचा कचरा घ्यायचं बंद केलं, गल्लोगल्ली ढीग साचले, मिटमिट्याला कचऱ्याच्या गाड्यांवरून दंगल झाली. त्याच मार्चमध्ये राज्याची प्लास्टिक-थर्माकोलबंदीची अधिसूचना निघाली. तेव्हापासून ओला-सुका वेगळा करायची सवय लागली, पण कॉलनीच्या जेवणावळीत ती अजून मोडते. द्रोण-पत्रावळींच्या नावाखाली आतून प्लास्टिकचा थर असलेल्या कागदी ताटांचा डोंगर दुसऱ्या दिवशी ओपन स्पेसच्या कोपऱ्यात पडलेला असतो.

यावर जुना मराठवाडी उपाय आहे. गावाकडे समाजाची, गावाची भांडी असतात: पातेली, परात, ताटं, वाट्या, तांबे, सतरंज्या. लग्नकार्याला ती न्यायची, घासून मोजून परत ठेवायची. कॉलनीनेही हेच करावं. दरवर्षी थोडी थोडी करून शंभर-दीडशे स्टीलची ताटं, वाट्या, पेले, दोन मोठी पातेली, एक परात, सतरंज्या, घडीच्या खुर्च्या, एक बरा माईक. खरेदी एकदाच, एरवी मंडपवाल्याला दरवेळी भाडं जातंच. कोणाच्या घरचं बारसं, सत्यनारायण, साखरपुडा असला की ती नाममात्र भाड्याने द्या. अनामत घ्या, वहीत मोजून लिहा, कमी पडलेल्या पेल्याचे पैसे हसत हसत पण घ्याच. भांडी घासायला बाई लावली तर तिची मजुरी त्या खर्चात आधीच धरा. कॉलनीतल्या सगळ्या बायकांनी 'आपलंच काम' म्हणून रात्री बारापर्यंत ताटं घासावीत ही अपेक्षा ठेवू नका. पुरुष घासत असतील तर गोष्ट वेगळी.

निर्माल्य आणि ओला कचरा कॉलनीतच जिरवा. ओपन स्पेसच्या एका बाजूला विटांचे दोन हौद, एक भरत असताना दुसऱ्यातलं खत तयार होतं. वास आला तर समजायचं, की ओलावा जास्त झाला. वाळलेला पाला घाला, हलवा.

हॉल, जिम, लिफ्ट

सभागृह असेल तर ते फक्त वाढदिवसांपुरतं उघडू नका. हॉल दिवसभर कुलपात असतो आणि शहरात अभ्यासिकांच्या खुर्च्यांना रांगा असतात. दहा टेबलं, पुरेसा उजेड, पिण्याच्या पाण्याचा जार आणि हजेरीची वही एवढ्यात कॉलनीची अभ्यासिका होते. दुपारी ज्येष्ठांना, संध्याकाळी मुलांना, असं वेळापत्रक लावता येतं. घरगुती कार्यक्रमाला द्यायचा असेल तर भाडं, वेळ, साफसफाई आणि आवाज या चार गोष्टी छापील अर्जात हव्यात, म्हणजे सचिवांना प्रत्येकाशी वेगळं बोलावं लागत नाही. गच्चीवरही कार्यक्रम होतात. लेखी परवानगीशिवाय आणि टाक्यांची झाकणं नीट बंद असल्याची खात्री केल्याशिवाय देऊ नका.

जिमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. यंत्रं घेताना जेवढा पैसा जातो त्याहून जास्त दुरुस्तीला जातो, हे धरून चाला. लिफ्ट आणि आग विझवायची यंत्रणा यांत मात्र हयगय नको. २००६ च्या राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे ज्या इमारतींना यंत्रणा बंधनकारक आहे त्यांनी जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा परवानाधारक संस्थेकडून ती चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. जुलैचं प्रमाणपत्र हातात असेल तर गणपतीच्या मांडवाचाही अर्धा घोर जातो.

सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. गणपती साधारण त्याच सुमारास असतात. मग समितीची सगळी शक्ती मांडवात जाते आणि सभा शेवटच्या रविवारी, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असताना उरकली जाते. ती जुलैतच घ्या. पाण्याची वही, टँकरची बिलं, ओपन स्पेसचं मोजमाप आणि मागच्या वर्षीच्या उत्सवाचा एक पानी हिशेब त्या सभेत ठेवा. वर्गणीचा विषय विषयपत्रिकेवर सगळ्यांत शेवटी घ्या.